बायनाक्काची पांढरी बेडकी

गावातल्या साध्या माणसांवर गावातल्याच माणसांनी लिहायचं, असं आमच्या वाचनालयानं यंदा ठरवलं. बायनाक्का माझ्या वाट्याला आली. मी आधी नाहीच म्हणालो. मी शिंपी माणूस. लोक मास्तर म्हणतात, पण ते टेलरमास्तर. शाळेतला मास्तर असतो तर गोष्ट वेगळी होती. मी आजवर जे काही लिहिलं ते खडूनं, कापडावर.

शेवटी तिलाच विचारायला गेलो. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"आक्का, तुमच्यावर लिहा म्हणतेत वाचनालयवाले."

"लिव्हा की. पर गोड लिव्हू नका, मास्तर," ती वर न बघता म्हणाली. "गोडानंच नास केला मागं."

म्हणून जसं घडलं तसं लिहितो. जमलं नाही तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव नेकनूरवरून आत आहे. गावाला एसटी सकाळ-संध्याकाळ येते. गावाच्या मधोमध काळ्या दगडाची जुनी बारव आहे. तीन बाजूंनी पायऱ्या, चौथ्या बाजूच्या कोनाड्यात देवीचा तांदळा, शेंदूर लावलेला गोल दगड. उन्हाळ्यात बाकीच्या विहिरी तळ दाखवतात, पण बारवेच्या खालच्या टप्प्यात थोडं तरी पाणी राहतं, आणि ते भर वैशाखातही पायाला गार लागतं. माझं दुकान बारवेच्या समोर आहे. पावसाळ्यात संध्याकाळ झाली की बेडकांचा असा गलका उठायचा की मला माझ्याच मशीनचा आवाज ऐकू येत नसे. गिऱ्हाईक माप सांगताना ओरडून सांगायचं. हा गलका आम्ही कुणी कधी मुद्दाम ऐकला नाही. तो असायचाच.

बायनाबाई उमापूरकडून लग्न होऊन इथं आली. तिचा नवरा राधाकिशन लवकर गेला. तिनं लोकांच्या रानात खुरपून लेकाला वाढवलं. लेक आता पुण्याकडं गाडीवर आहे आणि सून वनमाला तिच्याजवळ असते. सांगायला एवढंच आयुष्य. पण गावात तिला एक मान होता, तिच्या सासूकडून आलेला. तो धोंडीचा.

पावसानं फारच ओढ दिली की आमच्याकडं धोंडी निघते. मुसळाच्या मधोमध बेडकी बांधायची, भोवती लिंबाचा पाला, आणि दोघींनी मुसळ खांद्यावर घेऊन दारोदार जायचं. पाठीमागं बायका गाणी म्हणतात. प्रत्येक घरची बाई मुसळावर तांब्याभर पाणी ओतते आणि पसाभर पीठ घालते. सगळं गाव फिरून झालं की बेडकीला हळद-कुंकू लावून बारवेत सोडायचं. तिथूनच आणलेली, तिथंच परत. हा नियम मोडायचा नाही.

बेडकी धरायचा मान बायनाक्काचा. तिची धरायची रीत मी दुकानातून कितीदा पाहिली आहे. ती बेडकीच्या मागं धावत नसे. खालच्या पायरीवर बसून हात पाण्यात सोडायची आणि वाट बघायची. बेडकी आपणहून हातावर येऊन बसल्यासारखी बसायची. दुसऱ्या गावांत पायाला दोरी बांधतात. बायनाक्का ओल्या फडक्यात गुंडाळून, तोंड मोकळं ठेवून, झोळीसारखी बांधायची आणि चार घरं झाली की फडकं पुन्हा भिजवायची. पोरं खडे मारायला लागली तर तिच्या शिव्या पार एसटी स्टँडवर ऐकू जायच्या.

मागं पावसाळ्याच्या ऐन मधल्या महिन्यात आभाळ कोरडं गेलं ते साल सगळ्यांना आठवत असेल. सोयाबीन हातभर होऊन माना टाकायला लागलं होतं. देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष बजरंग बायनाक्काच्या दारात आला. बजरंग वाईट माणूस नाही. त्याला फक्त चार लोक जमलेले लागतात.

"आक्का, शुक्रवारी धोंडी काढू. समदं गाव म्हणतंय."

"काढू की."

पण बेडकी मिळेना. बारवेचं पाणी खूप खाली गेलं होतं. होती नव्हती ती बेडकं गाळात शिरून बसली होती. बायनाक्का सकाळी खाली उतरायची, पाण्यात हात सोडायची आणि रिकाम्या हातानं वर यायची. वर आली की लोक बघायचे. मीही बघायचो. कुणी काही बोलायचं नाही, पण ते बघणं तिला बोलल्यासारखंच लागत असणार. एकदा शेजारची पारूबाई म्हणाली, "बायने, हाताला वय झालं वाटतं गं तुज्या." पारूबाई गमतीनं म्हणाली. बायनाक्का हसली नाही.

पुढचं मला तेव्हा माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. ते तिनं स्वतः नंतर सांगितलं, तेच इथं लिहितो.

गुरुवारी ती डोळे तपासायला बीडला गेली. थेंब घालून डोळे धूसर झाले होते, म्हणून एसटीची वेळ होईपर्यंत एका दुकानाच्या सावलीला बसली. दुकान मासे विकणारं होतं, खायचे नव्हे, काचेच्या पेटीत पाळायचे. एका पेटीत तिला पांढरं काहीतरी हललेलं दिसलं.

"ह्ये काय हाय रं, बाबा?"

"बेडूक हाय, आज्जी. पाळायचा."

"बेडूक पाळायचा? आमच्यात पायात येतेत."

"ह्यो वेगळा हाय. भायर देशातला. पाण्याभायर येतच न्हाई, वरडत बी न्हाई. लई शांत."

दुकानदाराला काय, त्यानं पिशवीत पाणी भरून जोडी दिली. एक मेली तर दुसरी असावी म्हणून बायनाक्कानंच जोडी मागितली. एसटीत पिशवी पदराखाली धरून आली. वाटेत तिनं ठरवलं होतं की गावात गेल्या गेल्या सांगायचं, ही दुकानातली आहे, बारवेतली मिळाली नाही, चालत असेल तर घ्या.

सकाळी तिनं जोडीतली एक बादलीत घालून ओट्यावर आणून ठेवली आणि तोंड उघडायच्या आधी बायकांनी आत बघितलं.

"अगं बया! पांढरी!"

"देवीनं धाडली!"

"आक्का, बारवेतनं निघाली व्हय?"

एकीनं हात जोडले. तिचं बघून दुसरीनं जोडले. पारूबाईनं, हो त्याच पारूबाईनं, बायनाक्काच्या पायावर डोकं ठेवलं. "म्या काय काय बोलले गं तुला," म्हणाली.

बायनाक्का सांगते, "तवा म्या तोंड उघडलं हुतं, मास्तर. पर शबुद आला न्हाई. मंग म्हनलं, आजच्या दिस असू दे. उद्या सांगू."

तो उद्या काही आला नाही.

धोंडी निघाली. त्या पांढऱ्या बेडकीचे डोळे वर आभाळाकडं होते, पापण्या नव्हत्या, आणि मागच्या पायांना बारीक काळी नखं होती. बेडकाला नखं आम्ही कुणी पाहिली नव्हती. मग तर ती देवाचीच. बजरंगनं माझ्याकडून हिरव्या साटीनची, जरीची किनार लावलेली छोटी झूल शिवून घेतली मुसळाला घालायला. मी ती फुकट शिवली आणि शिवताना मला फार बरं वाटलं होतं. आता ती झूल आठवली की मी एकटा असलो तरी मान खाली जाते.

आणि दुर्दैव असं की पाऊस आला. लगेच नाही, पण त्या महिन्याच्या अखेरीला बऱ्यापैकी आला. झालं. बजरंगनं बसस्टँडवर फ्लेक्स लावला. एका बाजूला देवी, मधे पांढरी बेडकी, दुसऱ्या बाजूला हात जोडलेला बजरंग. शेजारच्या वस्त्यांवरून लोक बायनाक्काच्या पाया पडायला यायला लागले. ती दार लावून घ्यायची. लोक म्हणायचे, किती साधी बाई. मुसळावरची बेडकी तर तिनं नियमाप्रमाणं कधीच बारवेत सोडली होती, हळद-कुंकू लावून, आणि दुसरी मागाहून गुपचूप.

दुसऱ्या साली पाऊस वेळेवर झाला. बारव भरली. पण संध्याकाळी दुकानात बसल्यावर मला मशीनचा आवाज स्वच्छ ऐकू यायला लागला. पहिले काही दिवस मला वाटलं, माझं मशीन बिघडलंय, फार आवाज करतंय. मी तेल घातलं. मग लक्षात आलं.

त्यानंतर बारवेच्या पायऱ्यांवर बेडूक दिसायला लागले, भर दुपारी, उन्हात. पाय फाकून बसलेले. पाय लावला तरी उडी मारायचे नाहीत. अंगावरची कातडी पापुद्र्यासारखी सुटलेली. सकाळी झाडायला जाणारी बाई सुपात भरून मेलेले बेडूक काढायची. काही म्हणाले, औषध फवारणीचं पाणी आलं असेल. काही म्हणाले, उष्णता.  बायनाक्का रोज पायरीवर जायची, एखादा जिवंत बेडूक तळहातावर घ्यायची, पुन्हा पाण्यात सोडायची. तो तरंगत राहायचा.

पंचशीला आली ती या वेळेला. शहादेवची लेक. शहादेवचं घर बौद्धवाड्यात आहे. पोरगी शिकून शहरात कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि बेडकांचाच अभ्यास करते. बापानं फोनवर सहज सांगितलं, आणि ती रबरी बूट घालून दोन विद्यार्थिनींना घेऊन हजर झाली. हातमोजे घालून एकेक बेडूक धरायचा, पोटावरून आणि पायावरून कापसाची काडी फिरवायची आणि काडी नळीत बंद करायची. प्रत्येक बेडकाला नवे हातमोजे.

गावाला फुकटचा तमाशा मिळाला.

"कावून गं पोरी, बेडकाला करोना झाला का?"

"तसलंच समजा, काका."

"मंग लस टोचा की. आमाला बी दोन येळा टोचलीच."

ती हसायची आणि काम करत राहायची. शहादेव मात्र कठड्याबाहेर उभा असायचा. त्याच्या लहानपणी त्यांच्या लोकांना बारवेच्या पायऱ्या उतरू देत नसत. वरून कुणी घागरभर ओतलं तर पाणी मिळायचं. आता कुणी अडवत नाही. तरी तो उतरत नाही. लेक खाली पाण्याशी बसलेली तो वरून बघायचा.

जाताना तिनं पारावर बसलेल्या आम्हा सगळ्यांना विचारलं, "बारवेत कुणी बाहेरचे मासे, बेडूक, कासव, असलं काही सोडलंय का? काचेच्या पेटीतले?"

आम्ही सगळे खरोखरच नाही म्हणालो. कुणाला माहीतच नव्हतं. बायनाक्का जवळच आपल्या ओट्यावर होती. तिला ऐकू गेलं होतं. ती उठून आत गेली.

श्रावणात पंचशीला पुन्हा आली, शेवटच्या सोमवारच्या आधी. काड्यांची तपासणी होऊन आली होती. तिनं बजरंगला, मला आणि आणखी चार जणांना देवळात बसवून समजावलं. बेडकांच्या कातडीवर एक बुरशी असते. डोळ्यांना दिसत नाही, पाण्यातून पसरते. बेडूक कातडीतून पाणी घेतो, श्वाससुद्धा घेतो. ती कातडीच जाड झाली, सुटली, की त्याचं आतून सगळं बंद पडतं. परदेशांत या बुरशीनं बेडकांच्या कित्येक जाती पार संपवल्या आहेत.

"आपल्याकडं ती अशी मारते का, हे मलाही अजून नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "फवारणीचाही हात असेल. पण बुरशी सापडलीय, आणि बेडूक मरतायत. माणसाला काही होत नाही, ते भ्या नको. भ्या आहे ते सोमवारचं."

सोमवारचं म्हणजे पाणी भेटवण्याचं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी भोवतालच्या पाच वस्त्यांच्या बायका घागरी घेऊन येतात. आमच्या बारवेचं पाणी भरून नेतात आणि आपापल्या विहिरीत ओततात, म्हणजे ती विहीर आटत नाही, अशी समजूत. गेल्या साली बारवेचं पाणी तळाला होतं म्हणून हे राहून गेलं होतं. पहिली घागर बुडवून द्यायचा मान बायनाक्काचा.

"यंदा पाणी नेऊ नका," पंचशीला म्हणाली. "एका घागरीनं पाच विहिरींत जाईल. तिथले बेडूक अजून ओरडतायत. मी ऐकून आलेय."

बजरंगनं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाला, "ताई, तू शिकलेली हायस, तुजं खोटं न्हाई. पर ह्या बारवेतनं देवीची पांढरी बेडकी निघाली. समद्या तालुक्यानं बघितली. जिथनं देवीची बेडकी निघती तिथं बेडकाचा रोग कसा व्हईल? आन मी लोकांना काय सांगू, देवीचं पानी नासलंय म्हनून? मला ठिवतेल का जिता?"

"पांढरी बेडकी?" पंचशीलानं विचारलं. ती गेल्या साली इथं नव्हती. "कशी होती?"

मीच सांगितलं. डोळे वर, पापण्या नाहीत, पायाला काळी नखं. सांगता सांगता तिचा चेहरा बदलत गेला.

"मास्तर, ती आपल्याकडची नाही. ती आफ्रिकेतली जात आहे, दुकानात पाळायला मिळते. तिला स्वतःला ही बुरशी बाधत नाही. बरोबर घेऊन फिरते आणि दुसऱ्यांना देते. कुणीतरी आणून सोडलीय."

"ए बाई!" बजरंग उठलाच. "बायनाक्का खोटं बोलती म्हनतीस का तू? समद्या गावाच्या आईवानी बाई ती! हे बग, तुमाला आमचं देव-धरम पटत न्हाई, हे म्हाईत हाय आमाला. पर असलं बोलू नको."

पंचशीलानं तपासणीचे कागद गोळा केले. तिच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं आणि मी जमिनीकडं बघत राहिलो. ती उठली, चप्पल घातली आणि म्हणाली, "पाणी न्यायचं का नाही ते तुम्ही ठरवा. मी सोमवारी येते."

देवळातलं बोलणं बायनाक्काच्या कानावर गेलं, वनमालाकडून. वनमाला रागानं लाल झाली होती. "आत्या, तुमाला खोटारडी म्हनली ती!" बायनाक्का चुलीसमोर बसली होती. ती म्हणाली, "नाव घिऊन म्हनली का?" वनमाला म्हणाली, "नाव कशाला घ्यायला पायजे?" त्यावर बायनाक्कानं भाकरी तव्यावर तशीच करपू दिली. वनमालानं हे मला सांगितलं, आणि मी अजूनही विश्वास ठेवू शकत नाही. बायनाक्काच्या हातून भाकरी करपल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

सोमवारी बायका आल्या. पितळेच्या घासलेल्या घागरी, गळ्याला फुलांच्या माळा. ताशा वाजत होता. बजरंग नवा फेटा बांधून कठड्यापाशी उभा. पलीकडं पंचशीला आणि तिच्यामागं शहादेव. बायनाक्का आली, इरकली लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून. बायका पाया पडायला पुढं झाल्या. तिनं पाय मागं घेतले.

ती पायऱ्यांच्या तोंडाशी गेली आणि खाली उतरण्याऐवजी पहिल्याच पायरीवर बसली. वाट अडवून बसली.

"आक्का, उतर की. घागर भर," बजरंग म्हणाला.

"न्हाई."

"कावून? दुखतंय का काई?"

"ताशा बंद करा रे."

ताशा थांबला. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. तिचा आवाज मोठा नव्हता. मी दुकानातून उठून जवळ गेलो तेव्हा कुठं ऐकू आलं.

"ती पांढरी बेडकी हितली न्हाई. म्या बीडहून आनली. दुकानातनं. जोडी आनली. हितं घावली न्हाई म्हनून आनली. सांगनार हुते. तुमी हात जोडलं, मंग न्हाई सांगितलं. देवीनं काई धाडलं न्हाई. ह्या पान्याला हात लावू नका. माज्यामुळं मेली समदी."

बायकांनी कमरेवरच्या घागरी खाली टेकवल्या. मग पारूबाईच बोलली, आणि तिचा आवाज चिरका झाला होता. "बायने, म्या तुज्या पायावर डोकं ठिवलं हुतं गं."

"ठिवलं हुतंस."

"आन तू ठिवू दिलंस?"

"व्हय."

पाच वस्त्यांच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "दुकानातला देव!" आणि एक-दोघी हसल्या. ते हसणं मला अजून ऐकू येतं. बजरंग फेट्याला हात लावून नुसता उभा होता. फ्लेक्सवर त्याचा फोटो होता ना. शेवटी तो म्हणाला, "आक्का, दोन वाक्यांत गावाची अब्रू घालवली तुमी." तो तिला नेहमी 'तू' म्हणायचा. त्या दिवशी 'तुमी' म्हणाला.

बायनाक्का त्याच्याकडं बघत नव्हती. ती कठड्यापलीकडं बघत होती.

"शहादेवा," ती म्हणाली. शहादेव दचकला. "तुज्या बापाला आमी म्हनायचो, पानी बाटतंय, वर उभा ऱ्हा. माजी सासू म्हनायची, मंग मी बी म्हनायची. त्यानं कंदी पानी बाटवलं न्हाई. म्या बाटवलं."

शहादेव म्हणाला, "असू द्या, आक्का," आणि तोंड वळवलं. त्याला ते नको होतं, एवढ्या लोकांत. पंचशीलानं बापाच्या दंडाला धरलं. मला वाटलं होतं की पंचशीला आता काही बोलेल. पण ती पाण्याकडंच बघत राहिली. तिलाही बायनाक्काकडं बघवत नव्हतं.

बायका रिकाम्या घागरी घेऊन परत गेल्या. एकीनंही पाणी भरलं नाही. पाच विहिरी वाचल्या, एवढं खरं.

त्यानंतरचं सांगायला बरं वाटत नाही, पण गोड लिहू नका म्हणाली आहे. लोक तिला बेडकीवाली म्हणायला लागले. दुकानात कापड टाकायला आलेल्या बायका ती रस्त्यानं जाताना दिसली की गप्प व्हायच्या. वनमाला महिनाभर तिच्याशी धड बोलली नाही. "कावून सांगितलं?" एवढंच एकदा म्हणाली, "झालं ते झालं हुतं की." बायनाक्कानं धोंडीचं मुसळ खांद्यावर घेतलं आणि देवळात नेऊन कोपऱ्यात उभं केलं. ते न्यायला अजून कुणी पुढं आलेलं नाही. माझी हिरवी झूल त्याच्या टोकाला तशीच आहे, उंदरांनी कुरतडलेली.

पंचशीला येत राहिली. ती म्हणाली, ही बुरशी कडक उन्हात आणि कोरड्यात टिकत नाही. आपल्याकडं ऊन रग्गड आहे, पण बारवेच्या तळाला ते पोचत नाही, तिथं पाणी गार राहतं. म्हणून उन्हाळ्यात बारव पूर्ण उपसायची, पाणी ओढ्यात न सोडता उघड्या माळावर तापल्या जमिनीवर सोडायचं, गाळ काढून वाळवायचा आणि तळाला वैशाखभर ऊन खाऊ द्यायचं. आणि त्या दोन बेडक्या सापडल्याच पाहिजेत. नक्की उपयोग होईल असं ती कधीही म्हणाली नाही. करून बघू, म्हणायची.

बजरंगनं उपशाचं डिझेल इंजिन आणलं. हे त्याचं मला मानावं लागेल. तोंडानं काही बोलला नाही, पण इंजिन त्याचं, डिझेल त्याचं. पाणी उपसून तळ उघडा पडला, तरी गाळात त्या पांढऱ्या बेडक्या काही दिसेनात. मुलं जाळ्या घालून दमली.

मग बायनाक्का आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून गाळात उतरली. पंचशीलानं तिच्या हातात हातमोजे दिले. तिनं ते घालायला वेळ घेतला, बोटं वळत नव्हती. उरलेल्या डबक्यात हात सोडून ती बसली, जशी पूर्वी बसायची तशी. सगळे वरून बघत होते. पहिली मिळाली, आणि बऱ्याच वेळानं दुसरी. पांढरी, गुळगुळीत, वर बघणारी. दोन्ही चांगल्या पोसलेल्या होत्या.

तिनं त्या पंचशीलाच्या डब्यात ठेवल्या. मग विचारलं, "ह्यांचं काय करशील?"

"परत पाण्यात नाही सोडता यायच्या, आजी."

"ह्यांचा काय दोष न्हाई."

"नाही."

"भायर देशातनं आनल्या, पिशवीत घातल्या, येक मुसळाला बांधली." ती डब्याच्या झाकणाकडं बघत राहिली. "झाक."

त्या दिवसानंतर बायनाक्का बारवेवर गेलेली नाही. पाणी भरायचं तर वनमाला जाते. वनमाला बारवेतून वर आली की चप्पल आणि घागर बाहेर उन्हात वाळवते. हे पंचशीलानं सांगितलेलं, आणि बायनाक्का ओट्यावरून लक्ष ठेवते. सगळ्याच बायकांवर ठेवते. "वाळव गं," म्हणते, शिवी न देता. बायका नाक मुरडतात आणि वाळवतात.

यंदा पाऊस झाला. बारव भरली. मी रोज संध्याकाळी दुकानात मशीन बंद करून कान देऊन बसायचो. तेवढ्यात कुणी गिऱ्हाईक आलं तर हातानं थांब म्हणायचो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. संध्याकाळी दुकान बंद करून तिच्या ओट्यावरून गेलो की ती विचारायची नाही. मीही सांगायचो नाही. पण माझी पावलं तिथं हळू व्हायची आणि तिचे हात शेंगांवर थांबायचे.

परवा अंधारून आलं होतं, भुरभुर पाऊस होता. बारवेतून एक आवाज आला. मी मशीनचं चाक हातानं दाबून धरलं. पुन्हा आला. एकच होता, जाडा, तुटक, मधे थांबणारा. दुसरा त्याला उत्तर देत नव्हता.

मी छत्री न घेता तिच्या ओट्यावर गेलो.

"आक्का, एक ओरडतोय."

तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "येकच?"

"एकच."

"आपलाच का?"

"आपलाच. पिवळा, आवाजच सांगतोय. त्या पांढऱ्या तर ओरडत नसतात, तुम्हीच सांगितलं होतं."

मला वाटलं, ती उठेल. मी हातही पुढं केला, ओटा उतरायला आधार म्हणून. तिनं हात धरला नाही. ओट्यावरून बारवेचा कठडा दिसतो. ती त्या कठड्याकडं पाठ करून बसली होती, तशीच बसून राहिली.

"चला की. ऐकू येतंय चांगलं," मी म्हणालो.

"हितनं बी येतंय." मग म्हणाली, "माजं तोंड कशाला दाखवू त्याला."

आम्ही दोघं ऐकत बसलो. वनमाला दारात येऊन उभी राहिली. तिनं लाइट लावला नाही. बजरंग छत्री आणि बॅटरी घेऊन ओट्यासमोरून चालला होता, त्यालाही ऐकू गेलं असणार, तो कठड्याकडं वळला.

"बजरंगा!" बायनाक्का ओरडली. किती दिवसांनी तिचा जुना आवाज ऐकला. "जाऊ नगं तिकडं! बॅटरी मारू नगं! वरडू दे त्याला."

बजरंग जिथं होता तिथंच पावसात उभा राहिला.